युद्धातला बलात्कार: पाचव्या दिवशी आलेल्या बाईसाठी काय करता येतं?

प्रश्न
लढाईतून जीव वाचवून छावणी गाठायला बायकांना चार-पाच दिवस सहज लागतात. "72 तास उलटले, आता उपयोग नाही" म्हणून दवाखान्यातून परत पाठवणं बरोबर आहे का? आणि पुराव्यासाठी शरीरावरचे नमुनेच मिळाले नाहीत तर खटला टिकतो का?

प्रतिसाद 1
अजिबात बरोबर नाही. 72 तासांची अट फक्त एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांना आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी (लेवोनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, एकदाच) 120 तासांपर्यंत देतात, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. कावीळ-बीची लस 14 दिवसांपर्यंत सुरू करता येते. लैंगिक संसर्गाची औषधं आणि जखमांची काळजी तर त्यानंतरही.

वेळेत आली, तर एचआयव्हीच्या गोळ्यांचा पहिला डोस तपासणीच्या निकालासाठी अडवू नका. कोर्स 28 दिवसांचा. सगळ्या गोळ्या एकदम हातात द्या. आठवड्यापुरत्या देऊन "पुन्हा या" म्हटलं की कोर्स तिथेच तुटतो. छावणी हलते, रस्ता बंद होतो, त्या रांगेत पुन्हा दिसलो तर लोक ओळखतील ही धास्ती असते. मळमळीमुळेही गोळ्या सुटतात, ते आधीच सांगा.

दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून "सवय" आहे का ते पाहणं) मुळीच नको. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, बाईला मात्र पुन्हा तोच त्रास.

प्रतिसाद 2
खटला टिकतो. रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2 सप्टेंबर 1998 रोजी अकायेसू या तिथल्या स्थानिक प्रशासकाच्या खटल्यात बलात्कारालाही वंशसंहाराचं कृत्य ठरवलं. तिथल्या नियम 96 प्रमाणे पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड सक्तीची नव्हती.

कपडे असतील तर वाळवून, प्रत्येक वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. जखमेची जागा, रंग आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. काही दिसलं नाही तर "जखम आढळली नाही" एवढंच. "बलात्कार झाला नाही" हा निष्कर्ष डॉक्टरने काढायचाच नाही. आणि सविस्तर जबाब आधी कुणी घेतलाय का ते विचारा. चार संस्थांनी चारदा घेतला की तपशिलात फरक पडतो, बचावाचा वकील नेमकं तेच धरतो.

प्रश्नकर्ता
वैद्यकीय दाखल्याची प्रत तिच्याकडे द्यायची का?

प्रतिसाद 2
हक्क तिचाच, म्हणून तिलाच विचारा. पुढे तपासनाके असतील तर झडतीत तो कागद सापडणं जिवावर बेतू शकतं, हे स्पष्ट सांगा. नको म्हणाली तर प्रत दवाखान्यात कुलपात ठेवा, वर नावाऐवजी क्रमांक घाला. नाव-क्रमांकाची यादी दुसऱ्या कपाटात.