मदत हवी आहे : तांब्याच्या नक्षीकामाच्या पेढीचा इतिहास

बेळगावातील आमच्या घराण्याच्या पेढीत देवघराचे नक्षीदार पत्रे, प्रभावळी (मूर्तीमागच्या नक्षीदार कमानी) आणि पालखीचे कळस घडवले जात. तिचा इतिहास लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे दुकानाच्या नोंदणीची जुनी कागदपत्रे येथेच शोधावीत की मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. रोजमेळाच्या (रोजच्या जमाखर्चाच्या) वह्या मोडी लिपीत असून मला त्यांतील शेर आणि आण्यांचे आकडे तेवढे वाचता येतात (घटीचा, म्हणजे घडवताना कमी होणाऱ्या धातूचा, हिशेब मात्र चोख दिसतो!). निपाणी-खानापूर भागात मोडी वाचणारे कोणी असल्यास कळवावे. तसेच राळेच्या (डिंकासारख्या चिकट पदार्थाच्या) थरावर पत्रा ठेवून मागून ठोकून उठाव काढलेली जुनी प्रभावळ कोणाकडे असल्यास तिच्या पाठीमागच्या बाजूचेही छायाचित्र पाठवावे, कारण कारागिराची खूण तिथे सापडू शकते.