मदत हवी आहे: तास चालू असतानाच मुलांची चूक कशी ओळखावी?

मी सातवीला गणित शिकवते. वर्गात 52 विद्यार्थी असून तासिका 35 मिनिटांची आहे. ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग ‘हो’ म्हणतो, पण वह्या तपासताना −3 − 5 चे उत्तर +8 असे अनेकांनी लिहिलेले आढळते, कारण गुणाकारातील चिन्हांचा नियम ती मुले येथेही लावतात. संख्यारेषेवर पावले मोजून दाखवली, हजेरीक्रमांक पुकारून प्रश्न विचारले, तासाअखेरीस चिठ्ठीवर एक उदाहरणही सोडवून घेतले. चिठ्ठ्या खरोखर उपयोगी पडल्या, मात्र त्या तपासून होईपर्यंत पुढचा घटक सुरू झालेला असतो. वर्गात प्रोजेक्टर नाही आणि मोबाइलला परवानगी नाही. पाच मिनिटांत सर्वांची उत्तरे एकाच वेळी दिसतील आणि चुकणारे मूल संकोचणार नाही, अशी पद्धत कोणी वापरली आहे का?