मदत हवी आहे: दान दिलेलं घर गहाण पडू नये म्हणून काय करता येईल?

आमच्या छोट्या गटाने वर्गणी काढून एका कुटुंबाला घर बांधून दिलं. बक्षीसपत्र करून थेट त्यांच्या नावावर, कसलीही अट न घालता. 3 वर्षांत त्यांनी घरावर कर्ज काढून धंद्यात घातलं, धंदा बसला, आता जप्तीची नोटीस आली आहे. उधळपट्टी म्हणवत नाही. घर मोठं झालं तशी घरपट्टी, वीजबिल, डागडुजी वाढली आणि मिळकत होती तेवढीच. हा हिशेब आम्हीही केला नव्हता.

बँकेकडून एकदा मुदत वाढवून घेतली. जमाखर्च लिहायला बसवलं, ते 2 महिने चाललं. पुन्हा वर्गणी शक्य नाही. या घरासाठी वकील पाहतोय.

प्रश्न पुढच्या घराचा आहे, ते अर्धं बांधून झालंय. मालकी ट्रस्टकडे ठेवून कुटुंबाला हयातभर राहण्याचा हक्क द्यावा (मग त्यांना भाडेकरूच वाटेल ना?), की नावावर करून काही वर्षं विकायला, गहाण टाकायला बंदी घालावी? असं कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि कर-दुरुस्तीसाठी वेगळी ठेव ठेवली असेल, तर ती कोणाच्या नावावर?