‘बिब्लिओग्राफिक डेटाबेस’ला मराठीत काय म्हणावं?

शहादा : नर्सिंगच्या मुलींसाठी मराठीत टिपण करतेय. पबमेड, एम्बेस या वैद्यकीय लेख शोधायच्या ऑनलाइन सूच्यांना ‘संदर्भसूची’ म्हटलं तर चालेल का?

जळगाव : नको ताई. संदर्भसूची लेखाच्या शेवटी असते, आणि ग्रंथसूची म्हटलं की पुस्तकंच डोळ्यांपुढे येतात. इथे बहुतेक नियतकालिकांतले लेख आहेत, म्हणून ‘लेखसूची’. १८७९ साली निघालेली छापील ‘इंडेक्स मेडिकस’ लेखसूचीच होती; तिचंच पुढे संगणकावर मेडलाइन झालं. १९९६ पासूनच्या पबमेडमध्ये मेडलाइन आहेच, वर आणखी नोंदीही आहेत. ‘डेटाबेस’ मात्र राहू द्या, ‘आधारसामग्री’वर मुली अडखळतील.

धुळे : लेखसूची पटलं. पण आधी ‘नोंद’ शब्द पक्का करून घ्या. ‘पबमेडवर लेख सापडला’ असं सगळेच म्हणतात. सापडते ती नोंद. शीर्षक, लेखक, त्यांचा पत्ता, बहुधा सारांश, पीएमआयडी म्हणजे नोंदीचा क्रमांक. सातबारा हाती आला म्हणजे शेत हाती आलं नाही. पूर्ण लेख नियतकालिकाकडे; मोफत असला तर पीएमसीत, म्हणजे पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात बघा.

शहादा : आणि ‘मेश’? ‘कळीचे शब्द’ म्हणू?

जळगाव : तिथेच घोळ होतो. कळीचे शब्द लेखक देतो. मेश म्हणजे ठरलेल्या यादीतली विषयशीर्षकं, ती सूचीकडून लागतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराला कोणी ‘सिकल सेल डिसीज’ लिहो, कोणी ‘एचबीएस डिसीज’, विषयशीर्षक एकच : ‘ॲनिमिया, सिकल सेल’. मात्र अगदी ताज्या नोंदींना ते लागलेलं नसू शकतं. नुसतं [एमएच], म्हणजे मेशची खूण, लावून शोधलं तर काही नवे लेख सुटू शकतात. तेच शब्द [टीआयएबी] लावून, म्हणजे शीर्षक-सारांशातही शोधा आणि दोन्ही ‘ऑर’ने जोडा. ‘ऑर’ (म्हणजे ‘किंवा’) इंग्रजी मोठ्या अक्षरांत, OR असं.

धुळे : अवतरणचिन्हांचंही लिहा. शब्द त्यांत घातले की पबमेड मेशशी आपोआप जुळवणी करत नाही.

गावाच्या नावाने तर हमखास फसगत. नुसतं ‘धुळे’ टाकलं की लेखकाच्या पत्त्यातलं धुळेही जुळतं, मग विषय कुठलाही असो. तिथे [टीआयएबी] हवंच. जुन्या स्पेलिंगसाठी ‘धुलिया’ही ‘ऑर’ने जोडा.

जळगाव : ताई, तुमच्याकडच्या सिकलसेलवरचं काम शोधताना ‘नंदुरबार’वर अडून बसू नका. सारांशात नुसतं ‘ट्रायबल’, ‘भिल’ किंवा ‘पावरा’ एवढंच असू शकतं.