प्रति: टाईप १ डायबिटीस आणि आपल्या आतले जुने व्हायरस
वर विचारलंय की व्हायरसचे जीन्स आपल्या डीएनएतच असतील तर टाईप १ सगळ्यांनाच का होत नाही. अहो, असणं वेगळं आणि चालू होणं वेगळं! आपल्या जीनोमचा साधारण ८ टक्के भाग असल्या जुन्या रेट्रोव्हायरसचाच (आपले जीन्स पेशीच्या डीएनएत घुसवणारे व्हायरस) आहे, बहुतेक मोडकातोडका, गप्प पडलेला, एखादा तर कामाचाही, म्हणजे गरोदरपणात वार (प्लासेंटा) तयार होते त्यात एचईआरव्ही-डब्ल्यू (एचईआरव्ही म्हणजे माणसाच्या डीएनएतले हेच जुने रेट्रोव्हायरस) घराण्यातल्या सिन्सिटिन या प्रोटीनचा हात असतो. त्याच घराण्याचं एन्व्हलप प्रोटीन (व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचं) २०१७ च्या एका अभ्यासात टाईप १ पेशंट्सच्या रक्तात आणि स्वादुपिंडात सापडलं, पण गंमत बघा, इन्सुलिनवाल्या बीटा पेशींत नाही, शेजारच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींत, आणि आसपास मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी) जमलेले. आता हे कारण की परिणाम, तिथंच घोडं अडलंय. १९९७ ला एचईआरव्ही-के या दुसऱ्या घराण्याबद्दल असाच गाजावाजा झालेला, नंतर इतर लॅबना तसं दिसलंच नाही. एचईआरव्ही-डब्ल्यूच्या त्या प्रोटीनला अडवणारं टेमेलिमॅब हे अँटीबॉडी औषध ऑस्ट्रेलियात ६४ पेशंट्सवर तपासलं, सेफ निघालं पण सी-पेप्टाइडमध्ये (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यावरून कळतं) फरक नाही पडला. माझ्या भाचीला टाईप १ आहे, तिची आजी अजून म्हणते लहानपणी पेढे फार खाल्ले म्हणून झालं, आता तिला हे रेट्रोव्हायरस प्रकरण कसं सांगू!