आप्पांनी गोळ्या बंद केल्यात, बिडी चालूच. काय करू? लवकर सांगा

केळीवाला_यावल:
नमस्कार मंडळी. आप्पांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, ती पाच दिवसांपासून बंद. म्हणे पिंढऱ्या दुखतात, बागेत वाकता येत नाही, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं की ही गोळी लिव्हर खाते. बिडी सोडली असं घरात सांगतात, पण काल मोटार चालू होईना म्हणून मी स्टार्टरची पेटी उघडली तर फ्यूजच्या मागे बंडल आणि काडीपेटी. उद्या घड कापायला माणसं येताहेत, जळगावला जायला वेळ नाही. पिंढऱ्या दुखणार नाहीत अशी दुसरी गोळी कोणती तेवढंच सांगा.

तापीकाठ:
वय किती? गोळीचं नाव काय, किती पॉवरची? शुगर-बीपी आहे का? का देता ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ.

अमळनेरकर_६२:
गोळ्याबिळ्या सोडा. अर्जुनसादड्याची साल रात्री भिजवायची, सकाळी दुधात उकळून घ्यायची, वर दोन पाकळ्या लसूण. मी सहा वर्षं घेतोय, एकदम ठणठणीत.

फार्मसीवाला_धुळे:
काका तुम्ही ठणठणीत आहात म्हणून तुम्हाला चालतंय. काढा कुणाला घ्यायचा त्यांनी घ्यावा, पण गोळीच्या जागी नको.

अमळनेरकर_६२:
तुमचं दुकान आहे, तुम्ही गोळीच सांगणार.

केळीवाला_यावल:
वय ६४. शुगर नाही, बीपी थोडं. गोळी अटोरवास्टॅटिन ८०. बाकीच्या गोळ्यांचा काही त्रास नाही.

तापीकाठ:
८० साध्या कोलेस्टेरॉलला सहसा देत नाहीत. काहीतरी लपवताय. आणि "बाकीच्या" कोणत्या?

केळीवाला_यावल:
लपवत नाही हो, सांगायचं राहिलं. पोळ्याच्या नंतर अटॅक आला होता, अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तीन महिने होतील. गोळ्यांची पुडकी घरी आहेत, मी बागेत आहे, नावं संध्याकाळी टाकतो.

भुसावळ_जंक्शन:
योजनेत झाली का? आमच्या मामांची करायचीय, महात्मा फुले योजनेत कुठलं कार्ड लागतं, केशरी चालतं का?

तापीकाठ:
भुसावळवाले, नवीन धागा काढा ना.
केळीवाले, संध्याकाळी नाही, आत्ता घरी फोन करा. बंद फक्त कोलेस्टेरॉलची केलीय की सगळ्याच? स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तिच्यासारखी दुसरी. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही चालतात. त्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. कोलेस्टेरॉलचं मग बघू.

केळीवाला_यावल:
आईला विचारलं. सगळ्याच बंद आहेत. आप्पा म्हणाले एक वाईट निघाली म्हणजे बाकीच्याही तसल्याच असतील. डबा फळीवर भरलेलाच आहे, रविवारपासूनचा.

फार्मसीवाला_धुळे:
भाऊ, घड कापायला दुसऱ्या कुणाला उभं करा. ज्यांनी स्टेंट टाकला त्यांच्या दवाखान्यात आत्ता फोन लावा, डॉक्टर भेटले नाहीत तर ड्युटीवर जो असेल त्याला सांगा, पाच दिवस बंद आहे म्हणा, परत कशी सुरू करायची विचारा. छातीत दाब, घाम, डावा हात भरून येणं असं काही वाटलं तर फोनबिन न करता सरळ १०८.

रावेरची_ताई:
माझ्या सासऱ्यांच्या पण पिंढऱ्या दुखायच्या. डॉक्टरांनी रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते त्यावरून कळतं) तपासलं, थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी बघितलं, मग गोळी बदलून रोसुवास्टॅटिन कमी पॉवरची दिली, सोबत इझेटिमाइब, ती पण कोलेस्टेरॉलचीच. आता चालतात. पण बदललं डॉक्टरांनी, आम्ही नाही. लघवी काळपट चहासारखी झाली तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

फार्मसीवाला_धुळे:
ताईंचं बरोबर. आणि एक, या गोळ्यांच्या औषध-चाचण्यांमध्ये खरी गोळी घेणारे आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणारे, दोघांतही अंगदुखीची तक्रार करणारे जवळपास सारखेच निघाले. दुखणं खरंच असतं, पण दरवेळी गोळीचंच असतं असं नाही. ६४ व्या वर्षी केळीच्या बागेत दिवसभर वाकलं की कुणाच्याही पिंढऱ्या दुखतील.

अमळनेरकर_६२:
बिडीचं मात्र मी सांगतो, ते तरी ऐका. मी २२ वर्षं ओढली. कमी करत करत सोडू म्हणालो, दहाच्या चार झाल्या आणि चारावर अडकलो. एका दिवसात बंद केली तेव्हाच सुटली. पहिले तीन दिवस बायको माहेरी जायला निघाली होती माझ्या चिडचिडीने.

तापीकाठ:
इथे काकांशी सहमत. रोज एकच सिगारेट ओढली तरी हृदयाचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे "चारच ओढतो" याला अर्थ नाही. पूर्ण सोडली की वर्षभरात वाढीव धोका निम्म्यावर येतो. बिडीत पान आहे, नैसर्गिक आहे म्हणून ती बरी, हेही खोटं.

चाळीसगाव_एक्सप्रेस:
व्हेप द्या ना, माझा मित्र पुण्यात ओढतो.

तापीकाठ:
२०१९ पासून ई-सिगारेटवर देशात बंदी आहे. तुमच्या मित्राला सांभाळून राहायला सांगा.

रावेरची_ताई:
निकोटिन गमचं डॉक्टरांना विचारा, अटॅक होऊन तीन महिने झालेत म्हणून विचारूनच. सुपारीसारखा चावत बसू नका. दोन-चार वेळा चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा नको. आमच्याकडे चहाबरोबरच बिडी पेटायची, म्हणून हेच सगळ्यात अवघड गेलं. तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन पण आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट.

अहिराणी_भो:
माले बी तसंच व्हयनं व्हतं भो, काका बरोबर बोली राह्यनात. पहिलं काम, ते स्टार्टरमधलं बंडल फेक. तठे फ्यूज उडना तर बिडीनं आधी मोटारच जळी.

केळीवाला_यावल:
दवाखान्यात बोललो. रक्त पातळ करायच्या दोन्ही आजच सुरू करायला सांगितल्या, किती घ्यायच्या तेही त्यांनीच सांगितलं. पिंढऱ्यांसाठी रक्त तपासायचंय, उद्या सकाळी आठला घेऊन जातोय. घड चुलतभाऊ बघेल. आप्पा ऐकायला तयार नव्हते, मग आईने डबा उघडून त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि पाणी घेऊन समोर उभी राहिली. बंडल अजून पेटीतच आहे. मी काढलं तर दुसरीकडे लपवतील, निदान आत्ता कुठे आहे ते मला माहीत आहे.

अमळनेरकर_६२:
काढा रे बाबा. आणि रक्ताचा रिपोर्ट आला की इथे टाका.

भुसावळ_जंक्शन:
आणि केशरी कार्डाचं?