दूधसागर : आईला घेऊन जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण गोव्याला जातोय, मुक्काम बाणावलीला. समुद्र तर आहेच, पण आईचा सगळा जीव दूधसागर धबधब्यात अडकलाय. तरुणपणी एकदा भर पावसात रेल्वेच्या खिडकीतून तिने तो पाहिला होता. गाडी पुढे निघून गेली, तोंडावर उडालेले तुषार मात्र ती अजून सांगते.

मोले राष्ट्रीय उद्यानात कुळ्याहून जीपने जातात, लाइफ जॅकेट सक्तीचं असतं, एवढं ठाऊक आहे. काळजी आहे ती जीप थांबते तिथून पुढे दगडांवरून चालायच्या वाटेची. आई ६८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना कठडा धरून एकेक पाऊल आडवं टाकते. काठी आणि एकाचा हात धरून तिला ही वाट जमेल का? ओढ्यांमधून जाताना जीप किती आदळते? पाठीला त्रास होईल का?

अलीकडे कुणी वडीलधाऱ्यांना नेलं असेल तर अगदी खरं सांगा. पहाटे निघून पहिली जीप पकडली तर गर्दी कमी मिळते का? नोव्हेंबरात पाण्याला जोर असतो ना?

अगदीच जमणार नसेल तर तिला तांबडी सुर्लच्या महादेवाला नेईन. कदंबकालीन काळ्या दगडाचं ते देऊळ तिला नक्की आवडेल. पण आधी दूधसागरासाठी सगळे प्रयत्न करायचे आहेत.